वाहून आलेलं गाव

तीस वर्षं ब्रश धरला या हातानं.
कराडच्या चावडी चौकापासून मलकापूरपर्यंत
किराणा, दवाखाने, बी-बियाणं, 'उसाचा ताजा रस',
ट्रकच्या फाळक्यावर मोर.
मग फ्लेक्स आला
आणि रंगाचे डबे झाकणासकट वाळले.

ज्या सॉफ्टवेअरनं माझी अक्षरं खाल्ली
त्याच्याच दारात बसलोय आता,
छप्पन्नाव्या वर्षी, चष्मा कपाळावर.
शेजारी लतिका वायदंडे,
अंधशाळेतल्या भूगोलाच्या बाई, माझ्या मुलीच्या वयाच्या.
"काका, रेघ ओढायची नसते इथं.
बिंदू ठेवायचा. मग पुढचा बिंदू.
रेघ आपोआप येते."

बिंदूला दोन मिशा फुटतात.
एक ओढली की दुसरी उलटीकडं ताणते,
एका जुवाखाली आणलेल्या नव्या खोंडांसारखी,
आणि मधल्या मध्ये रेघ वाकते.
मनगटाला हे पटत नाही.
मनगट म्हणतं, मग मी इथं काय करू?

पहिलं चित्र मी जास्वंदीचं केलं.
पाच पाकळ्या, शिरा, सावली, परागाचे दाणे.
सगळं काळ्यात छापलं, फुगणाऱ्या कागदावर.
यंत्राच्या गरम पोटातून कागद बाहेर आला,
काळं तेवढं वर आलेलं,
दुधावर साय धरावी तसं.
हुमेरा शिकलगार, इयत्ता सातवी,
तिनं दोन्ही हात फिरवले, सावकाश.
म्हणाली, "चिखल आहे का?"

बाई हसल्या नाहीत. मीही नाही.

त्या रात्री पुसत बसलो.
सावली गेली. शिरा गेल्या.
रंग तर आधीच गेलेला.
दोन रेघांत तीन मिलीमीटर सोडा, बाई म्हणालेल्या,
नाहीतर बोट दोघींना एकच समजतं.
तीन मिलीमीटर!
मी आयुष्यभर जागा भरण्याचे पैसे घेतले.

मग नकाशा. आपलाच, प्रीतिसंगमाचा.
कृष्णा उत्तरेकडून, जाड, सलग.
कोयना समोरून, ठिपक्याठिपक्यांची.
दोघी नाकाला नाक लावून भेटतात
आणि काटकोनात वळून पूर्वेला निघतात.
पुढची रेघ कशी काढू, सलग की ठिपक्यांची?
अर्धा तास माउस तळव्याखाली गरम होत राहिला.
शेवटी सलगच ठेवली.
नाव कृष्णेचंच राहतं ना पुढं.
(कोयनेला कोण विचारतंय.)

हुमेराचं बोट वरून उतरलं,
संगमावर अडलं, माघारी फिरलं, पुन्हा आलं.
"पूल कुठाय?"
"कुठला पूल?"
"ओगलेवाडीहून येताना लागतो तो.
एस्टीचा आवाज पोकळ होतो बघा, तिथं."

पूल काढलाच नव्हता.
त्या पुलाच्या कठड्यावर मीच रंगवलेला
'वाहने सावकाश चालवा'.

तोवर बोट खाली, उजव्या कोपऱ्यात पोचलं.
"आणि हे खरखरीत काय?"
सवय, दुसरं काय. प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात
'तांबवेकर आर्ट्स', बारीक, तिरकं.
इथंही टाकून बसलो होतो.
म्हटलं, "गाव आहे. तांबवे."
"तांबवे तर कोयनेच्या काठाला, पश्चिमेला," ती म्हणाली,
"आमची मावशी दिलीय तिथं.
हे एवढं खाली कसं वाहून आलं?"

आता मात्र बाई हसल्या,
तोंडाला पदर लावून, खोकल्यासारखं करत.
मी नाव निवडलं, एक बटण दाबलं.
टर्पेंटाइनचा वास नाही,
चिंधीला डाग नाही,
गेलं.

दुसऱ्या दिवशी ओगलेवाडीची गाडी धरली.
खिडकीशी बसलो, काच सरकवून.
आवाज बदलला तेव्हा खाली पाणी नव्हतं अजून,
झुडपं होती, कुणाची तरी म्हैस,
वाळत टाकलेली एक निळी सतरंजी.
म्हणजे पूल नदीच्या आधीच सुरू होतो.
कंडक्टरनं विचारलं, कुठं उतरायचं?
म्हटलं, कुठंच नाही, परतीचंही द्या.

घरी येऊन पुलाच्या दोन्ही रेघा
काठाबाहेर चार-चार मिलीमीटर नेल्या.
नेल्या म्हणजे, बिंदू सरकवले.
मनगट काही बोललं नाही.